शेवंतीची छाटणी आणि आमच्या दारचा दिवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत एका वाचकभगिनीने प्रश्न विचारला होता. तिच्या बाल्कनीतली शेवंती हिरवीगार आहे, चांगली कमरेएवढी वाढली आहे, पण दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, संक्रांत गेली तरी एक कळी नाही. त्यावर आपल्या बागकाम सल्लागारांनी दोन ओळींत उत्तर दिलं : ‘हलकी छाटणी करा, पोटॅश द्या, फुले येतील.’

माझी विनंती आहे की, त्या बाईंनी अजून कात्री हातात घेतली नसेल तर घेऊ नये. आणि घेतली असेल, तर निदान पुढच्या वर्षासाठी तरी हे पत्र वाचावं. मी काही तज्ज्ञ नाही. चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली. रोज सकाळचं पहिलं काम म्हणजे शिक्क्यातली तारीख बदलायची आणि वहीत एक ठसा उमटवून बघायचा. त्यामुळे कुणी ‘छाटणी करा’ म्हटलं की माझ्या तोंडून आपसूक निघतं, ‘कोणत्या तारखेला?’

आमच्याकडे सासवडला कंपाउंडच्या भिंतीलगत शेवंतीचा वाफा आहे. पिवळी, बारीक पाकळ्यांची, झिपरी म्हणतात ती. सासूबाईंचं माहेर यवतचं. लग्नानंतर पहिल्या माहेरपणाहून परत येताना ओल्या फडक्यात चार कोंब बांधून त्यांनी एसटीतून आणले, त्याचा हा सगळा विस्तार. ‘विस्तार’ हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण शेवंती ही एका जागी बसणारी बाई नव्हेच. जमिनीखालून हातपाय पसरते. बुंध्याच्या भोवती वीतभर अंतरावर नवे कोंब फुटतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात, सासूबाई पिल्लं म्हणत. दोन वर्षं वाफ्याकडे लक्ष दिलं नाही तर मधोमध टक्कल पडतं, जुना बुंधा लाकडासारखा होतो आणि सगळा जोम कडेला. तिसऱ्या वर्षी ती अबोलीच्या वाफ्यात शिरलेली असते.

म्हणून शेवंतीला दोन वेळा आणि दोन तऱ्हांनी कापावं लागतं. बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. आपल्या सल्लागारांनीही तीच केली असावी, असं वाटतं.

एक कापणं फुलं संपल्यावरचं. बहर आटोपला, फुलं तपकिरी पडली, की सगळं झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून सरळ कापायचं. मन घट्ट करून. लोकांचा हात इथे अडखळतो. वरवर कातरतात आणि झाड उन्हाळाभर केविलवाणं उभं राहतं. चार बोटांवर कापलं, भोवतीची माती मोकळी करून शेणखताची एक पाटी टाकली, की पंधरा-वीस दिवसांत पिल्लं वर येतात. ती उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जगवायची, पाणी बेताचं. मे अखेरीला, जूनच्या तोंडाला, मुळांसकट उचलून नव्या जागी हातभर अंतराने लावायची आणि म्हातारा बुंधा खुशाल उपटून खतात टाकायचा. जीव सगळा पिल्लांत असतो. पाणी तुंबतं तिथे मात्र लावू नये. पावसाळ्यात चार दिवस बुडाशी चिखल राहिला की मुळं सडतात.

दुसरं कापणं म्हणजे कापणं नव्हेच, खुडणं. रोप वीतभर झालं की वरचा दोन-तीन सेंटिमीटर शेंडा नखाने खुडायचा. कात्री नको, विळी नको. शेंडा जागेवर असतो तोवर तो खाली हुकूम पाठवत असतो आणि पानांच्या बगलेतले डोळे झोपून राहतात. तो खुडला की तीन-चार डोळे एकदम जागे होतात. एका काडीच्या चार होतात. महिन्याभराने त्या चारांचे शेंडे खुडले की बारा-पंधरा. प्रत्येक काडीच्या टोकाला पुढे फुलांचा झुबका येतो, म्हणजे हिशेब सोपा आहे. खुडलेले शेंडे टाकूही नयेत. वाळूत टोचून ओल राखली तर तीनेक आठवड्यांत मुळं धरतात. आमच्या आळीतली निम्मी शेवंती आमच्या वाफ्यातून, आमच्या नखांतून गेलेली आहे. खुडताना शेंड्यावर काळा मावा दिसला तर तो शेंडा मात्र थेट चुलीत.

आता तारखा. सासूबाईंना तारखा येत नसत, तिथी येत. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते, दोन रात्री मुक्काम करते आणि जेजुरीकडे निघते. पालखी हलली, घरातले पै-पाहुणे पांगले, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाफ्यात बसत. पहिला शेंडा. दुसरा शेंडा नागपंचमीच्या आत. नागपंचमीला आपल्याकडे कापत नाहीत, चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. सासूबाईंनी त्याला पुढे आपली एक ओळ जोडली होती : ‘पंचमीनंतर शेवंतीला नख लावायचं नाही, ते थेट फुलं सरेपर्यंत.’ कारण विचारलं तर म्हणत, ‘ती मोजायला बसलेली असते, मधे बोललं की चुकते.’

काय मोजते, हे मला फार उशिरा कळलं. मुलीने फुलशेतीचं एक पुस्तक आणून दिलं त्यात होतं. १९२० साली अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी दाखवून दिलं की काही झाडं दिवसाच्या लांबीवरून फुलायचं ठरवतात. त्यांचं झाड तंबाखूचं होतं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी काटेरी गोखरूवर, तेच बांधावर धोतराला चिकटतं ते, प्रयोग करून सांगितलं की झाड खरं तर दिवस मोजतच नाही, रात्र मोजतं. सलग, अखंड अंधार. मधेच थोडा वेळ दिवा लावला तर मोजणी मोडते. शेवंती याच जातकुळीतली. आपल्याकडे २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरातला अकराच्या. श्रावण-भाद्रपदात रात्र वाढू लागली की शेवंती पानं काढणं थांबवून कळी धरायच्या मागे लागते. त्यानंतर जातीप्रमाणे सात ते बारा आठवड्यांनी फूल. या मोजणीच्या मधे तुम्ही शेंडा खुडलात, तर तिथे तयार होऊ घातलेली कळीच खुडता.

पण सासूबाईंच्या नियमातही एक खोट आहे, तीही सांगते. २०२३ साली अधिक श्रावण आला. नागपंचमी गेली २१ ऑगस्टला. मी आपली पंचांगाच्या भरवशावर ऑगस्टच्या मध्यापर्यंत खुडत बसले. फुलं आली ती डिसेंबर अर्धा सरल्यावर. शेवंतीला अधिक महिना माहीत नाही. ती सूर्य पाहते, आपण चंद्र. त्या वर्षीपासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरात ३१ जुलैवर लाल पेनाने फुली मारते. शेवटचं खुडणं त्याच्या आत, मग नागपंचमी कधी का पडेना. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पंचमी पुन्हा ऑगस्टच्या मध्यावर जाणार. तिथीवर खुडणाऱ्यांनी हे आत्ताच लिहून ठेवावं.

मूळ मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, मी सगळं वेळेवर केलं. पालखीनंतर पहिला शेंडा, २९ जुलैच्या नागपंचमीच्या आधी दुसरा. वाफा इतका भरला की माती दिसेना. ऑक्टोबर उजाडला आणि कळ्यांचा पत्ता नाही. २१ तारखेचं लक्ष्मीपूजन विकतच्या फुलांवर झालं.

घरात संशयित एकच होता. आमचे हे. गणपतीच्या आदल्या दिवशी, पाहुण्यांना वाटेत फांद्या लागतात म्हणून, ह्यांनी मेंदीच्या कुंपणाची मोठी कात्री घेऊन वाफ्याची वाटेकडची बाजू सरळ रेषेत कापली होती. २६ ऑगस्ट! फुलीच्या पुढे सव्वीस दिवस! मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दिवाळीच्या तोंडापर्यंत तेच चाललं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाफा दाखवून मी सांगत होते, ‘ह्यांची करामत.’ ते बिचारे ‘पुढच्या वर्षी हात लावणार नाही’ म्हणून गप्प.

मग एका रात्री वीज गेली. जेवणं झाली होती. मी ओट्यावर येऊन बसले. सगळीकडे असा काळोख की अंगणातली तुळससुद्धा अदमासाने ओळखावी. आणि मनात आलं, किती दिवसांनी हे अंगण असं दिसतंय? की दिसतच नाहीये? तासाभराने वीज आली. कोपऱ्यावरचा खांब पेटला आणि पांढराशुभ्र उजेड भिंतीवरून वाफ्यात सांडला. वाफ्याच्या एका टोकाला आमची पाण्याची काळी टाकी आहे. तिची सावली वाफ्यावर तिरकी पडली होती, सुरीने कापावी तशी. मी टॉर्च घेऊन उठले. सावलीतल्या झाडांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या होत्या. एक वीत अलीकडे, उजेडात, फक्त पाला.

दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. ह्यांनी कापलेली रेघ वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती, म्हणजे उजेडातूनही आणि सावलीतूनही. सावलीतल्या भागात ह्यांनी कापलेल्या काड्यांनाही बारीक कळ्या दिसायला लागल्या होत्या, इतरांपेक्षा मागे, पण होत्या. आणि उजेडातल्या भागात, ज्यांना कात्रीचा स्पर्शही झाला नव्हता, त्या काड्या वांझ. म्हणजे ह्यांच्या कात्रीने फुलांना उशीर केला, बंदी घातली ती दिव्याने.

आणि तो दिवा कोणी आणला? पूर्वी त्या खांबावर पिवळा मिणमिणता दिवा होता, तोही महिन्यातले पंधरा दिवस बंद. कोपऱ्यावर अंधार असतो, क्लासहून येणाऱ्या मुलींना भीती वाटते, म्हणून आळीतल्या बायकांनी अर्ज केला. मे महिन्यात नवा एलईडी लागला. त्या अर्जावर पहिली सही माझी आहे. तेव्हा दिव्याबद्दल माझी कणभरही तक्रार नाही. मुलींनी उजेडातच यावं. शेवंतीची सोय आपण करावी.

ती मी केली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे २० ऑक्टोबरपासून, उजेडातल्या तीन झाडांवर रोज संध्याकाळी सहा वाजता दोन जुन्या काळ्या छत्र्या उघडून ठेवायच्या, भोवती काळं कापड गुंडाळायचं आणि सकाळी सातला काढायचं. प्लॅस्टिक वापरलं नाही, आत घाम धरतो. आळीत चेष्टा झाली. दूधवाल्याने विचारलं, ‘काकू, झाडांना थंडी वाजते का?’ रोज म्हणजे रोज करावं लागतं, एक दिवस भाचीच्या साखरपुड्याला गेलो तर हे मुद्दाम लवकर परतले छत्र्या लावायला. चौथ्या आठवड्यात कळी दिसली. २६ डिसेंबरला पहिलं फूल. टाकीच्या सावलीतली झाडं तोवर मार्गशीर्षातल्या चारही गुरुवारांना वेणीपुरती फुलं देऊन बसली होती. छत्रीखालच्या झाडांची फुलं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघाली. छत्रीबाहेरची, त्याच मातीतली, त्याच खताची झाडं आज हे पत्र लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत. हिरवीगार, कमरेएवढी, एक कळी नाही. अगदी आपल्या वाचकभगिनीच्या झाडासारखी.

यात मी नवीन काही शोधलं असं नाही. पॉलीहाऊसमध्ये शेवंती घेणारे हेच करतात. फूल लांबवायचं तर रात्री बल्ब लावतात, लवकर हवं तर काळा कपडा ओढतात. बाजाराच्या हिशेबाने झाडाला हवी ती रात्र दाखवतात. दिवाळीत विकायला येणाऱ्या त्या छोट्या गोलमटोल कुंड्या अशाच तयार होतात, शिवाय बुटकी राहावीत म्हणून त्यांच्यावर वाढ रोखणारं औषध मारलेलं असतं. लोक फुलं सुकली की त्या कुंड्या कचऱ्यात टाकतात. टाकू नयेत. चार बोटांवर कापून जमिनीत लावल्या तर पुढच्या वर्षी फुलतात, मात्र गोलमटोल राहत नाहीत. औषधाचा अंमल उतरला की आपल्या मूळ उंचीवर येतात, आणि मग लोकांना वाटतं की झाड बिघडलं. (शेजारी ॲस्टरची रोपं असतात, ती मात्र एका हंगामाची. त्यांना जगवत बसू नये.)

तर त्या बाईंची कुंडी बाल्कनीत आहे. बाल्कनीत रात्री दिवा असतो का, समोर सोसायटीचा हायमास्ट आहे का, शेजारच्या दुकानाची पाटी रात्रभर जळते का, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. पोटॅशने अंधार पडत नाही. तपासायची एक सोपी रीत माझी मीच ठरवली आहे. रात्री अकरा वाजता झाडापाशी उभं राहून आपला पेपर उघडायचा. मथळे दिसले तर काळजी नाही. छोट्या जाहिराती वाचता आल्या तर कुंडी तिथून हलवायची.

आणि आज त्यांनी छाटू नये म्हणते त्याचं कारण असं. अजून रात्री बऱ्यापैकी मोठ्या आहेत. झाड उंच, तयार, भरलेलं आहे. त्याला फक्त अंधार हवाय. कुंडी संध्याकाळी सहाला न्हाणीघरात किंवा जिन्याखालच्या काळोखात ठेवून सकाळी सातला उन्हात आणली, तर चार-पाच आठवड्यांत, महाशिवरात्र उलटेपर्यंत, बहुधा कळी दिसेल. कापलं तर ते पुन्हा शून्यापासून पाला काढायला लागेल, आणि तो पाला तयार होईपर्यंत दिवस वाढलेले असतील, ऊन तापलेलं असेल. मग थेट पुढची दिवाळी, तीही दिवा तिथेच असेल तर हुकलेली.

आपल्या सल्लागारांना माझा मान आहे. गुलाबाबद्दल त्यांनी लिहिलेलं मी कापून ठेवलं आहे. फक्त यापुढे पुरवणीत छाटणीबद्दल लिहाल तेव्हा कोणत्या झाडाची, कोणत्या महिन्यात सुरू करायची, आणि मुख्य म्हणजे कोणत्या महिन्यानंतर हात आवरायचा, एवढं छापत जा. ‘हलकी छाटणी’ म्हणजे तारखेचा शिक्का न मारता पोस्टात टाकलेलं पाकीट. कधी निघालं, कुणाला कळत नाही.

या आठवड्यात मी सावलीतला वाफा कापला. चार बोटं. खालून पिल्लांची टोकं आत्ताच दिसताहेत. यंदा जूनमध्ये सगळी मागच्या अंगणात, विहिरीकडच्या बाजूला लावणार आहे. तिथे रात्री चिटपाखरू नसतं. भिंतीलगतच्या जागेत, दिव्याखाली, सदाफुली लावीन म्हणते. तिला दिवस-रात्रीचं फारसं सोयरसुतक नाही. बारा महिने फुलते.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
सासवड, जि. पुणे

ता. क. : हे पत्र ह्यांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, दिवाळीच्या तोंडापर्यंत आरोप जाहीरपणे झाले, तर माफीही जाहीर हवी. मी निम्मी माफी मागते. निम्मी यासाठी की त्यांनी कापलेल्या काड्यांना फुलं तीन आठवडे उशिराच आली, हे डायरीत तारखेसकट लिहिलेलं आहे.